कोऱ्या डिस्कमधल्या चिपळ्या

माकुणसारच्या देवळात कीर्तनाचा पूर्वरंग संपला, आणि उत्तररंगाआधी बुवांना घालतात तो रिवाजाचा हार गळ्यात पडायच्या आतच कृष्णकांतबुवांनी प्राण सोडला. तेवढ्या पूर्वरंगाचंच रेकॉर्डिंग उरलं, तेही खराब होत चाललेल्या हार्ड डिस्कवर. म्हणून पुतण्या शैलेशने बोईसरहून नवी आणली.

"भर की लगेच!" आनंदीकाकू म्हणाल्या.

"आधी तपासू दे, काकू. कोरी हाय अजून. हिनेही दगा दिला तर काकांचा आवाज परत मिळायचा नाय."

तपासणी सुरू होताच डिस्क टकटकू लागली. काकूंची जपमाळ थांबली.

"ह्या तर त्यांच्याच चिपळ्या. तिसरा ठोका उशिरा."

शैलेश हसला. मग त्यालाही तो ठोका ऐकू आला. त्याने वायर उपटली.

चिपळ्या वाजतच राहिल्या. पूर्वरंग जिथे संपला होता, तिथे येऊन थांबल्या.

काकू हार आणायला उठल्या.