अल्बममधली शिट्टी

“शिट्टी हाय, संगू. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत एकच शिट्टी वाजून राहिलीय,” तनुजा म्हणाली आणि तिने स्पीकर बंद केला.

“न्हाई,” संगमेश्वर म्हणाला.

नांदेडच्या मोंढ्यात संगमेश्वरच्या वडिलांच्या, वीरण्णांच्या, हळदीच्या आडतीवर ती खोली होती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना रिकामी पोती ठोकलेली. ‘काळवीट’ हा मेटलकोर बँड इथेच वाढला. तनुजा घसा फाडून गायची, सुदर्शन ड्रम बडवायचा, संगमेश्वर गिटार वाजवायचा. मालकाच्या पोरानं वर पत्र्याचं दुकान काढलंय, असं खाली हमाल म्हणायचे. पण पहिला अल्बम हैदराबादपर्यंत गाजला आणि हमालांचं हसणं बंद झालं.

दुसरा अल्बम सोमवारी आला आणि तोंडावर आपटला. पहिल्याचं मिक्सिंग पुण्यात झालं होतं. या वेळी संगमेश्वर हट्टालाच पेटला. कुठलं वाद्य किती मोठं, कुठला आवाज किती टोकदार, हे मीच ठरवणार. पुण्याच्या माणसाने आपल्या गाण्यांचे दात काढून घेतले, असं त्याचं म्हणणं. त्याला सगळंच बोथट वाटायचं. उन्हाळाभर तो त्या खोलीत बसून आवाजांना धार लावत राहिला.

आता लोक लिहीत होते. ‘गाण्यात शिट्टी कोणी ठेवली?’ ‘डोकं उठलं.’ उमरीच्या एकाने लिहिलं होतं, ‘अल्बम लावला की आमचं कुत्रं कॉटखाली जाऊन बसतं.’ हैदराबादच्या आयोजकाचाही निरोप आला होता: आधी शिट्टी काढा, मग कार्यक्रमाचं बोलू.

संगमेश्वरने अल्बम पुन्हा पुन्हा ऐकला होता. हेडफोनवर, गाडीत, फोनवर. शिट्टी नव्हती. एकाला भास होईल, दोघांना होईल, अख्ख्या मुलखाला कसा होतो? त्याच्या मनात काळंबेरं यायला लागलं. सुदर्शन लातूरचा. शिव्या घालणारे निम्मे लातूरचे. जेवताना घास हातात राहायचा आणि तो हाच हिशोब मांडत बसायचा. आपल्याला जे जाणवत नाही ते लोकांनी रचलेलं असतं, असं मानायला माणसाला फार वेळ लागत नाही.

“कुठल्या तरी चार्जरचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये घुसला असंल,” सुदर्शन समजुतीने म्हणाला. “अन् तू समदे बारीक आवाज वाढवलेस, त्यात तोबी वाढला. मिक्सिंग दुसऱ्याकडं देऊ. त्यात काय बे?”

“हेच पाहिजे होतं ना तुला?”

“काय म्हणून राहिलास तू?”

“तूच लिहायला लावलंस त्या लोकांना!”

सुदर्शन उठला. त्याने ड्रमच्या काठ्या पिशवीत कोंबल्या. तनुजाने पिशवीचा बंद धरून ठेवला. ती संगमेश्वरकडे बघत होती, आणि तिला आपली भीती वाटतेय हे त्याला स्पष्ट दिसलं. त्याला त्याचाही राग आला.

तेवढ्यात वीरण्णा जिना चढून आले. कपाळावर भस्म, खांद्यावर उपरणं. चहा झालाय, एवढंच सांगायला आले होते. बापाला बघून संगमेश्वरला एकदम सुचलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? या माणसाला संगीताशी देणंघेणं नव्हतं. उलट पोराने गिटार सोडून आडतीच्या गादीवर बसावं म्हणून त्यांनी कपिलधारला नवस बोलला होता. त्यांनी साक्ष दिली तर कोण नाही म्हणेल?

“आप्पा, इथं बसा,” तो मोठ्याने म्हणाला. “ह्या गाण्यात शिट्टी वाजती का सांगा. वाजत असंल तर उद्यापासून मी गादीवर बसतो. गिटार विकून टाकतो.”

“संगू, असं नको करू!” तनुजा म्हणाली.

त्याने गाणं लावलं. तनुजाने दोन्ही कान दाबले. सुदर्शनने तोंड वाकडं केलं. वीरण्णा मात्र पूजेला बसल्यासारखे डोळे मिटून ऐकत राहिले. हो म्हटलं असतं तर नवस तिथल्या तिथे फळला असता.

“न्हाई बा,” गाणं संपल्यावर ते म्हणाले. “आरडाओरड लई हाय. पण शिट्टी काई न्हाई.”

संगमेश्वर हसला. किती तरी दिवसांनी त्याला मोकळा श्वास घेता आला. त्याने सुदर्शनकडे पाहिलं. “ऐकलंस?”

“थांब जरा,” वीरण्णा म्हणाले. “सवाल तुझ्या जिंदगीचा हाय. नीट ऐकतो.” त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कानाचं मशीन काढलं, त्यावर फुंकर मारली आणि कानात बसवलं. “हां, लाव आता.”

गाणं सुरू झालं, आणि लगेच वीरण्णांनी कानावर हात मारला. “शिवा शिवा! बंद कर ते, बंद कर!”

संगमेश्वरने बंद केलं. खाली वजनकाट्यावर पोती पडत होती. त्याला ती ऐकू येत होती. हमालांच्या हाका ऐकू येत होत्या. रस्त्यावरच्या ऑटोचा हॉर्नसुद्धा.

“मला सगळं ऐकू येतं, आप्पा,” तो म्हणाला.

वीरण्णांनी गादीचं नाव काढलं नाही. त्यांनी मशीन कानातून काढलं, उपरण्याला पुसलं आणि पोराच्या तळहातावर ठेवलं.

“मलाबी सगळं ऐकू यायचं,” ते म्हणाले. “तुमच्या कानाला बारीक आवाज येत न्हाईत, म्हणायची तुझी माय. खोटं बोलती म्हणून मी तिच्याशी भांडलो. पार ती जाईपर्यंत.”