विरोधी पक्ष

नागापूर एमआयडीसीत महेंद्र एक रसायन बनवायचा आणि त्याची थोरली बहीण जयमाला ते विकत घेऊन रंग बनवायची. तेच रसायन परदेशातून स्वस्तात यायचं, म्हणून त्या आयात मालावर सरकारची अँटिडम्पिंग ड्युटी, म्हणजे जादा कर, होती. ती पुढे ठेवायची की काढायची, याची आज ऑनलाइन सुनावणी होती. जयमालाकडे वीज गेली, म्हणून ती भावाच्याच केबिनमध्ये बसून भावाच्या विरोधात बोलायला आली.

"ड्युटी काढली तर माझा कारखाना बंद पडेल, साहेब. कामगारांनी कुठं जायचं?" महेंद्र कळवळून म्हणाला.

"काढाच साहेब. बाहेरच्या मालाची भीती नाही, म्हणून हा भाव उतरवतच नाही."

महेंद्रचं तोंड एवढंसं झालं. तरी ताईला बिनसाखरेचा चहा लागतो, म्हणून तो स्वतःच सांगायला बाहेर गेला.

"म्हणजे ड्युटी काढली, की तुम्ही परदेशी माल घेणार?" दिल्लीच्या अधिकाऱ्यांनी विचारलं.

जयमालाने दाराकडे पाहिलं आणि ती स्क्रीनजवळ सरकली.

"छे हो! माल मी ह्याच्याकडूनच घेणार. पण तो आत आल्यावर हे बोलू नका, नाहीतर रुपयासुद्धा कमी करायचा नाही."