एका कपाचं पाणी

लक्ष्मणची चावी आयोजकांनी हार घालून स्टेजवर ठेवली होती. छातीएवढी लोखंडी चावी. तिच्याशिवाय पुंडलिकनगरच्या पाण्याचा वॉल्व्ह फिरत नाही. आणि आज नऊ दिवसांनी पुंडलिकनगरची पाळी होती, अकरा ते साडेबारा. त्यानंतर टाकीचं पाणी दुसऱ्या भागाकडं वळणार. मग पुन्हा नऊ दिवस घसे कोरडे.

बारा वाजायला आले होते. पाणी सोडणारा लाईनमन लक्ष्मण 'पाणी वाचवा' परिषदेत एसीत बसून होता, कारण त्याचा सत्कार होता. साहेबांनी बजावलं होतं, चावी घेऊन जा, फोटोत दिसली पाहिजे, आणि शाल मिळेस्तोवर हलायचं नाय.

खिशातला फोन सारखा थरथरत होता. त्यानं एकदा उचलला. पुंडलिकनगरातली सगीराभाभी. तिचा सासरा महिनाभर अंथरुणात, खराब चादरींचा ढीग मोरीत, आणि ड्रम तळाला गेलेला.

"लक्ष्मनभाऊ, चावी लेके किधर बैठे?"

त्यानं फोन ठेवला. उठला आणि चावीकडं निघाला. आयोजक मीनाक्षीताईंनी त्याला दंडाला धरून परत बसवलं. पाहुणे आत्ता कुठं बोलायला उभे राहिलेत, मधेच उठणं बरं दिसत नाही, म्हणाल्या. पुंडलिकनगर वाट बघतंय, तो पुटपुटला. त्यांना सवय असते हो, असं म्हणून ताईंनी त्याच्या हातात कॉफी दिली.

पाहुणे म्हणजे देवेश सर. पुण्याहून आलेले, तेही तासभर उशिरा. पडद्यावर कॉफीच्या कपाचं हे मोठं चित्र. सर सांगत होते, झाडाला पाणी, बिया धुवायला पाणी, सगळं धरलं तर एका कपामागं एकशे चाळीस लिटर पाणी लपलेलं असतं. सभागृह हळहळलं. लई हळहळलं. हळहळताना एकाचाही कप ओठावरून खाली आला नाही. एका बाईनं अर्धा कप खुर्चीखाली सरकवला आणि गरम नाही म्हणून दुसरा मागवला.

साडेबाराला खिशातला फोन थरथरायचा थांबला. पुन्हा वाजला नाही.

पावणेएकला शाल मिळाली. टाळ्या झाल्या, फोटो झाले. जलदूत म्हणून मीनाक्षीताईंनी त्याच्यापुढं माईक धरला, दोन शब्द बोला म्हणाल्या. लक्ष्मणनं चावीवरचा हार काढून टेबलावर टाकला. चावी खांद्यावर घेतली. दुसऱ्या हातात तोच कप होता, न प्यालेला, वर साय धरलेला. तो त्यानं देवेश सरांसमोर ठेवला.

"सर, ह्याला किती पाणी लागलं म्हणालात?"

"एकशे चाळीस लिटर," सर कौतुकानं हसले.

"नाय सर," लक्ष्मण म्हणाला. "ह्याला आख्खं पुंडलिकनगर लागलं."