एक शब्दही रचलेला नाही

"तुम्हीच ना त्या गाण्यांना तारे देणाऱ्या?" असं विचारत बाईंनी घडी घातलेला कागद कॅरिसच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला आणि परवानगी न विचारता समोरची खुर्ची ओढून त्या बसल्या.

कॅरिस पेन्रीने कानांवरचे हेडफोन काढले. दर गुरुवारी दुपारी ब्रिस्टलच्या या कॅफेत बसून ती आठवड्याची पाच नवी गाणी ऐकायची, प्रत्येकावर शंभर शब्द लिहायची आणि संध्याकाळपर्यंत संपादकाकडे पाठवून मोकळी व्हायची. सतरा वर्षं हेच चाललं होतं. कुणाला दोन तारे, कुणाला चार. देताना तिने कधी दोनदा विचार केला नव्हता. समोरच्या बाई साठीच्या आसपासच्या होत्या. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातला निळा गणवेश अजून अंगावर होता.

"मी युनिस ब्रेथवेट. लेनॉक्सची आई. तुम्ही त्याला लेनी नाइन म्हणता."

कॅरिसला नाव लगेच आठवलं. लेनी नाइनच्या पहिल्याच रॅपला तिने गेल्या मे महिन्यात पाच तारे दिले होते. ऑक्टोबरात पुलाखाली एका मुलाला कुणीतरी भोसकून मारलं आणि पकडलेल्या चौघांत लेनॉक्स होता. सोमवारी खटला सुरू होणार होता. लेनॉक्सच्या वकिलांचे दोन ईमेल तिच्याकडे उत्तराविना पडून होते.

"वाचा की. तुमचंच आहे."

वाचायची गरजच नव्हती. 'यातला एक शब्दही रचलेला नाही. हा मुलगा जे जगला तेच सांगतो. त्याच्या खिशातला चाकू तुम्हाला ऐकू येतो.' शेवटच्या वाक्यावर तर ती तेव्हा स्वतःच खूश झाली होती. वेल्समधल्या मेंढपाळांच्या गावात वाढलेली बाई ती. खिशातल्या चाकूचा आवाज कसा असतो, हे तिला तरी कुठे ठाऊक होतं!

"मी कौतुक केलं होतं हो," कॅरिस म्हणाली.

"कौतुकच की. घरभर नाचला तो. 'आई, पाच तारे!' छापून आणून फ्रिजवर लावलंन. पोलीस आले ते फ्रिजवरूनच काढून घेऊन गेले. शेजारी माझं ड्यूटीचं वेळापत्रक होतं, ते तेवढं ठेवलं."

"पण गाणं मे महिन्यातलं आहे. तो मुलगा गेला ऑक्टोबरात."

"हे आमच्या वकिलांनीही सांगितलं. तर सरकारी वकील म्हणतात, पोरगा मुळातच असला आहे, हे गाण्यावरून दिसतं. आमचे म्हणाले, अहो, गाणं आहे ते, गाण्यात पोरं बढाया मारतात. तर त्यांनी हा कागद पुढे केला. जाणकार बाईंनीच लिहून दिलंय, म्हणे." युनिसबाईंनी दम घेतला. "मासा साफ करायला दिला तर डोळे मिटून घेतो माझा पोरगा. तुम्ही भेटलात त्याला कधी?"

"नाही."

"फोन तरी केलात?"

कॅरिसने मान हलवली. शंभर शब्दांसाठी फोन कोण करतं?

"मग सोमवारी या आणि तेवढंच सांगा. की बाबांनो, मला यातलं काही माहीत नव्हतं, मनाला आलं ते लिहिलं."

बोलायला सोपं होतं. पण भर कोर्टात असं सांगितल्यावर तिच्या ताऱ्यांना कोण विचारणार होतं? संपादकाने कालच बजावलं होतं, या भानगडीत पडू नकोस, गप्प बस. ते ऐकून तिला हायसं वाटलं होतं, आणि आता त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटत होती.

"मी लेखी काहीतरी देते," ती म्हणाली. "रॅपमध्ये असं बोलायची रीतच आहे. 'मी' म्हटलं म्हणजे तो स्वतःच असतो असं नाही. सगळेच..."

"ही रीत तुम्हाला तेव्हा माहीत नव्हती?"

"होती."

"मग?"

कॅरिसने गार झालेला चहा बाजूला सारला.

युनिसबाईंनी कागदाची घडी उलगडली. "पोलिसांनी फायलीत खालचा तुकडाच लावलाय. मी वाचनालयात जाऊन अख्खं पान छापून आणलं. म्हटलं, बघू तरी, बाई आणखी काय काय लिहितात." त्यांनी चष्मा चढवला आणि लेनॉक्सच्या तुकड्याच्या वर छापलेल्या मजकुरावर बोट ठेवलं. "हे कोण?"

"इंडी बँड आहे एक. चौघं जण, गिटारवाले. कॉर्नवॉलचे."

"मी ऐकलं त्यांचं गाणं. दोनदा. यातला गाणारा बायकोचा गळा दाबतो आणि तिला बागेत गुलाबाखाली पुरतो. शांतपणे, तीन कडवी. सगळं 'मी', 'मी' करून सांगतो. त्यालाही पाच तारे आहेत." त्यांनी बोट पुढे सरकवत सावकाश वाचलं. "'काय ही अफाट कल्पनाशक्ती!'"

कॅरिसला तो गायक आठवला. त्याने खरंच कुणाला मारलं असेल, असा विचार तिच्या मनाला तेव्हा शिवलाही नव्हता. आता तिचे कान तापले.

युनिसबाईंनी चष्मा काढला. टोमणा मारायचा त्यांचा विचार दिसत नव्हता. त्यांना खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं.

"याची बाग कुणी खणून पाहिली का हो?"