डावीकडून

समोरच्या इमारतीतले हिरानुमा आजही चुकले. रेडिओ म्हणाला, डावीकडून. मासाए डावीकडे वाकली. समोर तिसऱ्या मजल्यावर हिरानुमा उजवीकडे वाकले, तेही अर्धा ठेका मागून.

साथ आल्यापासून वसाहतीतल्या बागेला पिवळी फीत लागली होती. सकाळचा रेडिओवरचा व्यायाम म्हातारी माणसं आता आपापल्या गॅलरीत करत. बाजारहाट आठवड्यातून एकदा. गप्पा फोनवर. जुन्या सुती टॉवेलचे मास्क शिवून झाले होते आणि ते धुऊन वाळवण्याचाही एक क्रम बसला होता. माणूस कशालाही सरावतो. मासाए फक्त हिरानुमांच्या उलट्या हातांना सरावत नव्हती.

कारण पूर्वी ते कधीच चुकत नसत. बागेत व्यायाम घ्यायचा तो तिचा नवरा, तोकुजी. सगळ्यांकडे तोंड करून तो उभा राहायचा आणि मुद्दाम उलटं करायचा. डावा म्हटलं की स्वतःचा उजवा हात वर. "मी चुकलो तरच ते बरोबर करतात," असं तो म्हणायचा. घरीही सवय सुटली नव्हती. डावीकडची बशी मागितली की हमखास उजवीकडची हातात यायची. हिरानुमा तेव्हा पहिल्या रांगेत, अगदी त्याच्यासमोर उभे असत. एक हात इकडचा तिकडे होत नसे.

हिवाळा सरता सरता तोकुजी इस्पितळात गेला. भेटायला कोणालाच सोडत नव्हते. मासाएच्या हातात आला तो पांढऱ्या कापडात बांधलेला अस्थींचा डबा. त्यानंतर तिच्या दिवसात या दहा मिनिटांखेरीज काही उरलं नव्हतं. ती त्याचं निळं जाकीट घालायची, त्याचाच रेडिओ लावायची. आणि समोर हा माणूस त्याच व्यायामाची टिंगल करत होता. टिंगल नाही तर काय? त्यांची स्वतःची गॅलरी पलीकडच्या बाजूला, छान उन्हात होती. ती सोडून ते दारापुढच्या गार व्हरांड्यात, बरोब्बर तिच्यासमोर येऊन उभे राहत.

चार दारं सोडून राहणाऱ्या फुसाएला तिने हे फोनवर सांगितलं. फुसाए हसली. "अगं, या वयात डावं-उजवं असं काही असतं, एवढं त्यांच्या लक्षात आहे तेच खूप."

एके सकाळी रेडिओवर व्यायामाच्या पियानोचा एक तुकडा वाजला आणि मासाएचे हात अर्ध्यावरच थांबले. त्या तुकड्याला तोकुजी नेहमी पुटपुटत मोजायचा. तिचे हात खाली आले. तिने जाकिटाच्या बाहीने डोळे पुसले. मान वर केली, तर समोर हिरानुमांचेही हात खाली होते. तिच्याकडे बघत त्यांनी बाही उचलली आणि स्वतःचे डोळे पुसले.

मासाए आत गेली. तिने पडदा ओढून घेतला. दुसऱ्या दिवसापासून व्यायाम आत, टेबल सरकवून.

दोन इमारतींमधल्या झाडावरची पर्सिमनची केशरी फळं पिकली, मग कावळ्यांनी संपवली. पडदा बंदच राहिला. आत तिचे हात दिवसेंदिवस कमी वर जायला लागले. बघणारं कोणी नव्हतं.

रिकाम्या बाटल्या कचऱ्यात द्यायच्या दिवशी खाली तिला हिरानुमांची मुलगी काझुमी भेटली. ती एका वृद्धाश्रमात कामाला होती. तिथलं काही घरी नको, म्हणून वडिलांच्या घरात न जाता ती डबा दाराच्या मुठीला अडकवून परतत असे. आज कालचा डबा तसाच तिच्या हातात होता. चार हात लांब उभी राहून तिने विचारलं, काकू हल्ली व्यायाम करत नाहीत का?

मासाए तुटक आवाजात म्हणाली, करते, पण आत. टिंगल सहन करायचं तिचं वय नाही.

काझुमीला आधी काही कळेचना. कळलं तेव्हा तिने डबा खाली ठेवला.

"काकू, बाबांना ऐकूच येत नाही हो. चार वर्षं होत आली. कुणाला सांगू देत नाहीत, नुसती मान हलवतात. आता मास्कमुळे ओठही दिसत नाहीत. रेडिओ काय बोलतो, त्यांना काय कळणार? ते तोकुजीकाकांचे हात बघायचे. मग तुमचे बघायला लागले."

तुम्ही दिसेनाशा झालात तरी ते बरेच दिवस व्हरांड्यात येऊन उभे राहायचे, असं तिने पुढे सांगितलं. हात खाली सोडून. मग आत जायचे. आता दारातून बघावं, तर अंथरुणातून उठतच नाहीत.

मासाए जिना चढून वर आली. मोरीतल्या आरशासमोर ती किती तरी वेळ उभी होती. तिने डावा हात वर केला, खाली आणला, पुन्हा वर केला. मग बाहीने डोळे पुसले आणि आरशातली बाई काय करते ते बघितलं.

सकाळी तिने पडदा सरकवला. गॅलरीत गारठा होता. तिने निळं जाकीट गळ्यापर्यंत लावलं. समोरचा व्हरांडा रिकामा होता. हिरानुमांचं दार मात्र वीतभर उघडं होतं. आत अंधार. काझुमीने उघडून ठेवलं होतं की त्यांनीच, आणि मागे कोणी होतं की नाही, इथून कळत नव्हतं.

पियानो सुरू झाला. रेडिओ म्हणाला, डावीकडून.

मासाए उजवीकडे वाकली.