हातभर खिडकी

“खोली गारच होत नाही. पाणी भरायचाही कंटाळा?” असं म्हणत नवऱ्याने तिचं डोकं भिंतीत बसवलेल्या कूलरच्या पत्र्यावर आपटलं. टाकी काठोकाठ भरलेली होती. ती त्याने पाहिलीच नाही. पंखा पूर्ण वेगाने घरघरत होता; त्यात बाकीचे आवाज बुडून जायचे. हात उगारण्याआधी तो बटण न विसरता तिथवर फिरवायचा.

दारावर थाप पडली. त्यानेच बोलावलेला मेकॅनिक होता. तिने केस कपाळावर ओढले.

मेकॅनिकने भिंतीवरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. मग खिडकीच्या चौकटीत ठोकलेले खिळे बघून तो हसला.

“साहेब, ही कारागिरी कोणाची?”

“माझी. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून.”

“अहो, हा काय फ्रीज आहे? बाहेरची गरम हवा ओल्या गवतातून आत ओढतो. पाणी सुकताना हवेतली धग घेतं, एवढंच. ती हवा बाहेर गेली नाही की खोलीत दमटपणा साठतो, पाणी सुकायचं थांबतं आणि माणूस कुकरमधल्या बटाट्यासारखा शिजतो.” तो तिच्याकडे वळला. “ताई, तुम्ही यात अख्खी विहीर ओतलीत तरी काही उपयोग नव्हता.”

नवऱ्याचा जबडा आवळला.

मेकॅनिकने पक्कडीने खिळे उपसले आणि खिडकी हातभर उघडली. गल्लीपलीकडच्या शिवणकारखान्यातली मशीनांची खडखड आत आली. “एवढी उघडी ठेवा,” म्हणून तो गेला.

थोड्या वेळात खोली खरोखरच गार झाली. नवरा कूलरसमोर शर्टाची बटणं सोडून बसला होता.

“त्याच्यासमोर माझी शोभा झाली. बरं वाटलं असेल ना तुला?”

“मी तोंडसुद्धा उघडलं नाही.”

त्याने कूलरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. खुंटीवरचा पट्टा काढून मुठीला गुंडाळला. पहिला फटका तिच्या खांद्यावर बसला, दुसरा मानेवर. तिसऱ्याला ती भिंतीशी कोलमडली. तिथेच कूलरचा प्लग होता.

तिने तो उपटला.

पंख्याची पाती मंदावत थांबली.

“लाव तो.”

ती भिंतीला धरून उभी राहिली. उघड्या खिडकीकडे बघत मोठ्याने म्हणाली, “आता मारा.”

शिवणकारखान्यातलं एक मशीन थांबलं. मग दुसरं. मग सगळीच.