राहीची पापणी

“पोरीच्या डोळ्याला हात लावायचा न्हाई,” म्हणत म्हाकूआबांनी नातीला, राहीला, मागं ओढलं.

सुलभा सिस्टर दोन दिवस या धनगरवस्तीवर मुलांच्या पापण्या उलटून खुपरी, म्हणजे एकाकडून दुसऱ्याला लागणारा पापण्यांचा आजार, शोधत होती. एकोणपन्नास मुलं तपासून झाली, एकालाही खुपरी नव्हती. पन्नासावी राही सुटली, तर वस्तीची पाहणी अपुरी राहणार होती.

“आबा, भीती कसली वाटते?”

आबांनी धोतराच्या सोग्यानं आपले लाल, पाणावलेले डोळे टिपत सांगितलं. लहानपणी त्यांना खुपरी झाली, तेव्हा तिघांनी दाबून धरून मोरचुदाच्या निळ्या, झोंबऱ्या खड्यानं पापण्या आतून घासल्या होत्या. ती आग सत्तर वर्षांत विझली नव्हती.

सगळं ऐकून सिस्टरनं त्यांचे हात साबणानं धुवायला लावले आणि त्यांच्यासमोर मांडी घातली. “मग आधी तुम्ही माझी पापणी उलटा. मी सांगते तसं करा.”

आबांनी राठ बोटांनी जपून पापणी उलटली. सिस्टरच्या डोळ्यातून पाणी आलं, तरी ती हसतच होती. ते पाहून राही आपणहून पुढं सरकली. “आता माजी.”

सिस्टरनं भिंगातून नीट पाहिलं. पापणी आतून स्वच्छ, गुलाबी होती. “आबा, अख्ख्या वस्तीत एकाही पोराला खुपरी नाही.”

आबांनी तिला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

“म्हंजी माज्यापाशीच थांबली म्हणायची,” ते खुशीत म्हणाले आणि तोंड वर करून तिच्यापुढं बसले. “बघ, आता या म्हाताऱ्याचं काय जमतंय का.”